मधुमेही शेतकऱ्याचे ताट आणि त्याची पीकयोजना

शेतकऱ्यांसाठी निघणाऱ्या या पत्रिकेत मधुमेहावरील लेख पाहून काही वाचकांस नवल वाटेल. पेरणी, बियाणे, खते, कीड हे आमचे विषय आणि रक्तातील साखर हा डॉक्टरांचा विषय, अशी वाटणी आपण मनोमन केलेली असते. नांदेड व लातूर जिल्ह्यांत काही वर्षे काम केल्यानंतर ही वाटणी बरोबर नाही, असे माझे मत झाले आहे. मधुमेह झालेल्या शेतकऱ्याच्या पथ्याची अर्धी आखणी दवाखान्यात होते हे खरे. परंतु उरलेली अर्धी त्याच्या शेतात, पेरणीच्या वेळीच झाली पाहिजे. हेच आजच्या लेखाचे सांगणे आहे.

औसा तालुक्यातील एका गावी सोयाबीनच्या बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक आटोपल्यावर साठीच्या घरातील एक शेतकरी मागे थांबले. त्यांनी खिशातून औषधाची चिठ्ठी काढून माझ्यापुढे धरली व म्हणाले, "साहेब, साखर सोडा, भात सोडा, बटाटा सोडा, असं समद्यांनी सांगितलं. काय सोडायचं ते पाठ झालं. आता खायचं काय, ते कुणीच सांगंना." मी त्यांना शेतात काय आहे ते विचारले. आठ एकर जमीन होती आणि आठही एकर सोयाबीन होते. घरात गहू-तांदूळ स्वस्त धान्य दुकानातील, डाळ किराणा दुकानातील, भाजी आठवडी बाजारातील आणि तीही दोन-तीन दिवस पुरेल इतकीच. ज्वारी विकत घ्यावी लागते म्हणून भाकरी रोज नव्हती. आठ एकरांचा धनी असलेल्या त्या गृहस्थांच्या शेतातून त्या वर्षी थेट ताटात येणारा एकही दाणा निघणार नव्हता. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर त्या चिठ्ठीत सापडण्यासारखे नव्हते.

रोग शहराचा राहिलेला नाही

मधुमेह हा बसून खाणाऱ्यांचा रोग, अशी समजूत खेड्यात अजून आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. प्रौढांत हे प्रमाण शहरी भागात शेकडा १६ च्या आसपास, तर ग्रामीण भागात शेकडा ९ च्या आसपास आढळले. यावरून खेडे अजून बरे, असे वाटेल. परंतु मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांचे प्रमाण मात्र शहरात व खेड्यात जवळजवळ सारखेच, म्हणजे शेकडा १५ निघाले. याचा अर्थ इतकाच की, खेड्यातील पुष्कळ लोक रांगेत उभे आहेत.

"मी तर काटकुळा, मला कसा मधुमेह?" असेही पुष्कळजण विचारतात. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील माता व बालके यांचा दीर्घकाळ अभ्यास केला. आपल्याकडील बाळे वजनाने लहान असली तरी त्यांच्या अंगात स्नायू कमी व चरबी तुलनेने अधिक असते, असे त्यांना आढळले. दिसायला बारीक असलेल्या माणसासही मधुमेह का जडतो, हे यावरून समजते. आमच्या भागाने १९७२ चा दुष्काळ पाहिला आहे. उपाशी पिढीच्या मागून पोटभर परंतु एकसुरी अन्न खाणारी पिढी आली, तर रोगास वाट मिळणे अस्वाभाविक नाही.

ताट एकसुरी कसे झाले

एके काळी मराठवाड्यातील शेतकऱ्याच्या शेतात खरिपात मूग, उडीद, तूर, ज्वारी, अंबाडी, तीळ आणि रब्बीत शाळू, हरभरा, करडई, जवस अशी पिके असत. गेल्या सुमारे तीस वर्षांत सोयाबीनने त्यांपैकी पुष्कळांची जागा घेतली. याबद्दल शेतकऱ्यास दोष देता येणार नाही. सोयाबीनला बाजार आहे, पीक लवकर हाती येते, काढणी व मळणी यंत्राने होते. ज्वारीला पाखरे लागतात, काढणीस व कणसे मोडण्यास मजूर मिळत नाहीत, आणि खरिपाची ज्वारी पावसात सापडली तर दाणा काळा पडतो. विस्ताराचे काम करणाऱ्या आम्ही लोकांनीही एकरी उतारा आणि बाजारभाव यांचाच हिशेब शेतकऱ्यांपुढे मांडला. घरच्या ताटाचा हिशेब मांडावा, हे आम्हांस सुचले नाही. ही आमची उणीव मान्य केली पाहिजे.

दुसरीकडे २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गरीब कुटुंबांस धान्याचा आधार मिळाला आणि जानेवारी २०२३ पासून हे धान्य विनामूल्य मिळते. हा आधार मोलाचा आहे. तथापि त्यात मुख्यतः गहू आणि तांदूळ येतो. डाळ, भाजी, तेलबिया यांची तजवीज कुटुंबालाच करावी लागते. ही तजवीज शेतातून होत नाही आणि पैशाची ओढ असते, तेव्हा पोट धान्यानेच भरले जाते. मधुमेह्याचे नुकसान नेमके येथे होते.

ज्वारी औषध नव्हे

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. भाकरी खाल्ली की साखर वाढत नाही, असे समजून चार-चार भाकरी खाणारे रोगी मी पाहिले आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांप्रमाणे १०० ग्रॅम ज्वारीत पिष्टमय भाग सुमारे ६८ ग्रॅम, अख्ख्या गव्हात सुमारे ६५ ग्रॅम आणि पांढऱ्या तांदळात सुमारे ७८ ग्रॅम असतो. तंतुमय भाग ज्वारीत १० ग्रॅम, गव्हात ११ ग्रॅम आणि तांदळात जेमतेम ३ ग्रॅम असतो. म्हणजे कोंड्यासह दळलेला गहू आणि ज्वारी यांत फारसे अंतर नाही. अंतर आहे ते पांढरा तांदूळ व मैदा यांच्याशी. साधारण ६० ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत ४० ग्रॅम पिष्ट असते आणि त्याची शेवटी साखरच होते. सबब, धान्य कोणते हा प्रश्न दुसरा. किती, हा पहिला.

मग मी ज्वारीचा आग्रह का धरतो? कारण ज्वारी एकटी येत नाही. भाकरीबरोबर वरण, पिठले, पालेभाजी, शेंगदाण्याची वा जवसाची चटणी, ताक हे ओघानेच येते. तिचे पीठ कोणी मैद्यासारखे चाळत नाही. तिचा कडबा जनावरांस मिळतो व घरी दूध-ताक राहते. आणि ज्या रानात ती रब्बीत येते, त्याच रानात खरिपात मूग किंवा उडीद निघतो. एका पिकामागे अर्धे ताट उभे राहते.

गुळाविषयीही दोन शब्द. मांजरा काठी ऊस पुष्कळ आणि गूळ घरोघर. साखर वाईट, पण घरचा किंवा सेंद्रिय गूळ चालतो, अशी समजूत दृढ आहे. १०० ग्रॅम गुळात सुमारे ८५ ग्रॅम साखरच असते. चहात साखरेऐवजी गूळ टाकल्याने मधुमेह्याचा काही लाभ होत नाही. दिवसात सहा कप चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, असा हिशेब केला तर बारा चमचे होतात. भाकरी मोजणारा माणूस हे बारा चमचे मोजीत नाही. उसाचा रस व बाटलीबंद गोड पेये यांचेही तेच. कारले, जांभळाच्या बिया, मेथी हे पदार्थ आहारात जरूर असावेत. परंतु त्यांच्या भरवशावर गोळ्या अथवा इन्सुलिन बंद करणे हे जिवावर बेतणारे आहे. लहान मुलांना होणाऱ्या मधुमेहात तर इन्सुलिनवाचून जीव वाचत नाही.

ताटाची आखणी

भारतीय वैद्यक संशोधन परिषद व राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२४ साली भारतीयांसाठी सुधारित आहारसूत्रे प्रसिद्ध केली. २००० कॅलरीच्या आहारासाठी त्यांत दिवसाचे प्रमाण असे दिले आहे: धान्ये व भरड धान्ये मिळून २५० ग्रॅम, डाळी, कडधान्ये, अंडी अथवा मांस मिळून ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, दूध ३०० मिलिलिटर, शेंगदाणे, तीळ, जवस यांसारख्या बिया ३५ ग्रॅम, आणि तेल-तूप २७ ग्रॅम. हे प्रमाण सर्वसाधारण निरोगी माणसाचे आहे. मधुमेह्याने आपले वजन, काम व औषध यांप्रमाणे डॉक्टरांकडून त्यात फेरफार करून घ्यावा. मूत्रपिंडास इजा झाली असल्यास डाळीचे प्रमाणही त्यांनाच विचारावे.

आपल्या भाषेत हे ताट असे होईल. सकाळी बिनसाखरेचा चहा किंवा ताक. न्याहारीस एक भाकरी आणि मुगाची उसळ किंवा पिठले. दुपारी दोन भाकरी, वाटीभर घट्ट वरण, ताटाचा अर्धा भाग भरेल इतकी भाजी, कांदा-काकडी आणि ताक. रात्री एक भाकरी, भाजी व डाळ. भात हवाच असेल तर भाकरी वगळून लहान वाटीभर. जेवताना आधी भाजी व डाळ खावी, भाकरी-भात नंतर. त्यामुळे जेवणानंतर साखर एकदम चढत नाही. देगलूर, बिलोली, किनवट या तेलंगणाच्या सीमेकडील भागांत भाताची सवय अधिक आहे. तेथे भात बंद करा असे सांगण्यापेक्षा भात निम्मा करा आणि वरण-भाजी दुप्पट करा, असे सांगावे. ते पाळले जाते.

अर्धापूरच्या केळीच्या बागाईतदारास केळे खाऊ नको म्हणणे कठीण. साखर आटोक्यात असल्यास जेवणाला जोडून नव्हे, तर मधल्या वेळी अर्धे केळे चालू शकते. पेरू, जांभूळ, पपईची फोड अधिक बरी. फळ चावून खावे, रस काढू नये.

सण-वारांत सर्वच वर्ज्य करण्याचेही कारण नाही. आपल्या वेळ अमावास्येचेच पाहा. हिरव्या शेंगा, दाणे व भाज्या घालून केलेली भज्जी, ताकातील आंबील, उंडे असे हे जेवण शेतात बसून खाल्ले जाते. यातील भज्जी हा मधुमेह्यास उत्तम पदार्थ होय. उंडे मोजके घ्यावेत आणि खीर चाखण्यापुरती. एकादशीचा साबुदाणा मात्र जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्याने डॉक्टरांना विचारल्यावाचून उपवास करू नये.

शेतात काय करावे

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. पाच माणसांच्या कुटुंबाने निम्मे धान्य ज्वारीचे ठेवावयाचे ठरविले, तर माणशी १२५ ग्रॅमप्रमाणे वर्षास सुमारे २३० किलो ज्वारी लागते. कोरडवाहू रब्बी ज्वारीचा उतारा एकरी तीन-चार क्विंटल धरला, तर पाऊण एकर जमीन पुरते. त्याच पाऊण एकरात मृगाच्या चांगल्या पावसावर मूग पेरावा. तो दोन-सव्वादोन महिन्यांत निघतो आणि सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून शाळू पेरण्यास रान मोकळे होते. मुगाचा साधारण उतारा आला तरी क्विंटलभर कडधान्य घरात येते. वर्षभर माणशी रोज ६० ग्रॅम डाळ-कडधान्य धरले तर गरज ११० किलोंची असते; म्हणजे तिचा मोठा वाटा येथेच भागतो.

उरलेल्या सोयाबीनमध्ये चार ओळींमागे तुरीच्या दोन ओळी घ्याव्यात. घरची डाळ त्यातून निघते, आणि सोयाबीन पावसाने गेले तर तूर हात देते. निलंगा तालुक्यातील बोरसुरीच्या तूरडाळीस २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. इतकी नावाजलेली डाळ ज्या जिल्ह्यात पिकते तेथील शेतकऱ्याने वरण पातळ करून खावे, हे शोभत नाही. शाळूच्या कडेने करडई व जवस, धुऱ्यावर अंबाडी, आणि घराच्या सांडपाण्यावर दोन गुंठे परसबाग असावी. तीत शेवगा, दोडका, वाल, मेथी, पालक, तांदुळजा ही पिके आलटून-पालटून घ्यावीत. पाच माणसांस रोज दोन किलो भाजी विकत घेणे लहान शेतकऱ्यास परवडणारे नाही. ती पिकविणेच सोपे.

बियाण्याची अडचण नाही. परभणी येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने रब्बीसाठी परभणी मोती, परभणी ज्योती व परभणी सुपर मोती हे ज्वारीचे वाण दिले आहेत. मालदांडी तर सर्वांच्या ओळखीची आहे. पाऊण एकरास तीन किलो बियाणे पुरे. खरिपासाठी २०१८ साली आलेला परभणी शक्ती हा वाण लोह व जस्त यांनी अधिक समृद्ध आहे. अशक्तपणा असलेल्या घरी तो उपयोगी पडेल. मात्र त्याने साखर उतरते, असा अर्थ कोणी काढू नये.

ज्यांच्या घरी सोयाबीनच आहे त्यांनी त्यातील काही घरी ठेवावे. त्यात प्रथिने भरपूर व पिष्ट फार थोडे असते. परंतु ते कच्चे दळू नये. उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटे शिजवून, वाळवून, मग नऊ भाग गव्हास एक भाग या प्रमाणात दळावे.

पाखरांचा प्रश्न

"साहेब, सगळ्या शिवारात माझीच ज्वारी असली तर सगळ्या शिवाराची पाखरं माझ्याच रानात येतात," हा आक्षेप मला प्रत्येक गावी ऐकावयास मिळाला आणि तो अगदी रास्त आहे. एकट्याने पाऊण एकर ज्वारी पेरणे म्हणजे पाखरांना जेवण घालणे होय. यावर उपाय एकच: आठ-दहा कुटुंबांनी मिळून शेजारशेजारच्या रानात, एकाच आठवड्यात ज्वारी पेरावी. दाणा भरण्याच्या काळात राखण पाळीपाळीने करावी आणि काढणीस एकमेकांचे सावड करावे. नुकसान विभागले जाते, मजुरीचा भार हलका होतो आणि मळणीयंत्र एकदाच आणता येते. हे काम एका शेतकऱ्याच्या इच्छेने होणार नाही. ते गावाने ठरवून केले पाहिजे, आणि ठरवून घेणे हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याचे काम आहे.

मी सोयाबीन सोडा म्हणत नाही. कर्ज, मुलांचे शिक्षण, लग्नकार्य यांचा भार त्याच पिकावर आहे, हे मी जाणतो. आठ एकरांतील पाऊण एकर घरासाठी राखा, एवढेच सांगणे आहे. ज्यांची जमीन एक-दोन एकरच आहे त्यांनी तुरीच्या ओळी व परसबाग यांपासून आरंभ करावा.

घरातील बाई आणि कामावरील माणूस

मधुमेह्यासाठी निराळे आणि इतरांसाठी निराळे, असा स्वयंपाक फार दिवस चालत नाही. वर सांगितलेले ताट सर्वांसाठीच हितकारक आहे. ते सर्वांचे करावे. आपल्या घरांतील बाई सर्वांत शेवटी, उरलेले व अवेळी जेवते. भाजी संपलेली असते, भाकरी व चटणी उरते. तिलाही मधुमेह असू शकतो, हे घरातील पुरुषांच्या ध्यानी येत नाही. तिचे ताट इतरांबरोबर वाढले जाणे हेही पथ्यच आहे.

गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने उपाशीपोटी खुरपणीस वा काढणीस जाऊ नये. श्रमाने साखर एकदम उतरते. घाम सुटणे, हात थरथरणे, डोळ्यांपुढे अंधारी, भ्रमल्यासारखे बोलणे ही तिची लक्षणे आहेत. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी व पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा द्यावी. यासाठी साखरेची पुडी खिशात असावी. तिचे खरे स्थान चहात नसून येथे आहे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता तात्काळ दवाखान्यात न्यावे. मधुमेह्याने अनवाणी रानात जाऊ नये आणि रोज रात्री पाय धुऊन तळवे पाहावेत. सोयाबीनचे धसकट पायात शिरले तरी त्यास कळत नाही आणि जखम चिघळते.

कार्यकर्त्यांस विनंती

शेतकरी बंधुभगिनींनो, तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने जवळच्या आरोग्य उपकेंद्रात साखर तपासून घ्यावी. ही तपासणी विनामूल्य होते. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून अधिक आल्यास पुन्हा तपासून डॉक्टरांकडे जावे.

कृषी विस्ताराचे काम करणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांस विनंती अशी की, खरिपाच्या नियोजनाच्या सभेस गावच्या आशाताईंना व अंगणवाडीताईंना बोलवावे. कोणाच्या घरी मधुमेह आहे याचा गवगवा न करता, प्रत्येक कुटुंबाला दोन प्रश्न विचारावेत: विक्रीसाठी काय पेरणार, आणि घरासाठी काय पेरणार? पहिल्या प्रश्नाचे उत्तर सर्वांपाशी असते. दुसऱ्याचे उत्तर मिळेपर्यंत सभा संपवू नये.

औशाच्या त्या गृहस्थांनी पुढील वर्षी शेजारच्या सहा घरांसह पाच एकरांचा शाळूचा एकच पट्टा केला. ते गोळ्या घेतात, चहा बिनसाखरेचा पितात आणि दुपारी दोनच भाकरी खातात. त्यांची साखर केवळ ज्वारीने आटोक्यात आली, असे मी म्हणणार नाही. परंतु काय खावे, हा प्रश्न त्यांनी मला पुन्हा विचारलेला नाही.